‘ब’ जीवनसत्त्वाच्या गोळीने ताकद येते का?

व्यायामशाळेत जाणारी तरुण मुले हल्ली माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास विचारतात, “डॉक्टर, बी-कॉम्प्लेक्स घेतले तर ताकद वाढेल ना? व्यायामात लक्ष लागेल ना?” काहीजण तर विचारण्याआधीच दुकानातून गोळ्या आणून सुरू करतात. म्हणून या आठवड्यात हाच विषय घेऊ.

ताकद येते ती भाकरी, भात, डाळ, तेल-तूप यांतून. ‘ब’ गटात एकूण आठ जीवनसत्त्वे आहेत. पण त्यांच्यापासून उष्मांक मिळत नाहीत. खाल्लेल्या अन्नातून शक्ती मोकळी करण्याचे काम आपल्या पेशींत चालते. त्या कामाला ती मदत करतात. बैलगाडीच्या आसाला वंगण लागते, तसेच हे. वंगण नसेल तर चाक कुरकुरते. पण डबाभर वंगण ओतले म्हणून बैल दुप्पट ओढत नाहीत.

१८९०च्या दशकात आइकमान नावाचे डच डॉक्टर जावा बेटावर काम करीत होते. पॉलिश केलेला भात खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा असलेला तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात, असे त्यांना दिसले. कोंड्यात ब-१ जीवनसत्त्व होते, हे पुढे उमगले. आइकमान यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. यातला धडा असा की, उणीव होती म्हणून गुण आला. उणीवच नसेल तर गोळी काय भरून काढणार?

आपल्याकडे ब-१२ची उणीव मात्र पुष्कळांत आढळते. हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळते. त्यामुळे दूधदुभते कमी घेणारे शाकाहारी, वयस्कर माणसे, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणारे आणि आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणारे यांनी जागरूक राहावे. थकवा, धाप, हातापायांना मुंग्या, विसरभोळेपणा ही त्याची लक्षणे. अशा रुग्णाला ब-१२च्या लाल सुईने खरोखर हुशारी वाटते. पण ती पाहून शेजारच्या धडधाकट माणसानेही सुई टोचून घेणे व्यर्थ होय.

“पण डॉक्टर, ते डब्यातले पेय घेतले की तरतरी येते,” असे कोणी म्हणेल. त्या पेयात बहुधा कॅफिन असते, म्हणजे आपल्या चहा-कॉफीतलेच द्रव्य. तरतरी त्याची, नाव मात्र जीवनसत्त्वाचे होते! गोळी घेतल्यावर लघवी गर्द पिवळी होते, ती जादा झालेले ब-२ शरीर बाहेर टाकते म्हणून.

“जादा झाले तर लघवीवाटे जाईल, अपाय काय?” हा समज ब-६च्या बाबतीत घातक आहे. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण २ मिलिग्रॅम ब-६ पुरते. बाजारात ५० ते १०० मिलिग्रॅमच्याही गोळ्या मिळतात. दिवसाला २ ते ६ ग्रॅम घेणाऱ्या सात रुग्णांच्या मज्जातंतूंना इजा झाल्याचे अमेरिकेतील डॉक्टरांनी १९८३ साली प्रसिद्ध केले. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ साली प्रौढांसाठी रोजची कमाल मर्यादा १२ मिलिग्रॅम ठरवली. घोळ असा की, ब-६ जास्त झाल्यानेही पायांना मुंग्या येतात आणि बधिरपणा वाटतो. रुग्णाला वाटते अशक्तपणा वाढला; तो आणखी गोळ्या घेतो. अशा वेळी गोळी थांबवून डॉक्टरांना डबी दाखवावी.

मग करावे काय? व्यायामाआधी भूक मारू नका, रात्री सात-आठ तास झोप घ्या. ज्वारी-बाजरीची भाकरी, मोड आलेली मटकी, शेंगदाणे, पालेभाजी, दूध-दही, चालत असल्यास अंडे, हे रोज पोटात जाऊ द्या. तांदूळ फार चोळून धुऊ नये, पेज फेकू नये. एवढे करूनही दोन-तीन आठवडे थकवा हटला नाही, तर हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड आणि ब-१२ तपासून घ्या. तपासणीपूर्वी आपल्या मनाने गोळ्या सुरू करू नका. रक्तातले ब-१२ तात्पुरते वाढते आणि खरे दुखणे झाकले जाते. उणीव सापडली तर डॉक्टर सांगतील ती मात्रा, सांगतील तितके दिवस नेमाने घ्या.