येणे आणि आलेले : पीककर्जाच्या हिशेबाचा एक अभ्यास

(बी. ए. भाग २, अर्थशास्त्र)

वऱ्हाडातल्या कास्तकाराला 'येणे' आणि 'आलेले' यांतील फरक शिकवावा लागत नाही. 1972 साली महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. त्या काळात केंद्रावर कापसाची गाडी रिकामी झाली तरी पूर्ण चुकारा त्याच दिवशी हाती पडत नसे. रक्कम कागदावर असे, पण तिच्यावर किराणा भरता येत नसे. ज्याचा चुकारा आला नाही त्याने तो खर्चात धरू नये, हा घरगुती शहाणपणाचा नियम होय.

बँकांच्या हिशेबाचा मुख्य प्रश्नही हाच आहे. कर्जावरचे व्याज उत्पन्न म्हणून केव्हा धरावे : ते येणे झाले तेव्हा, की प्रत्यक्ष आले तेव्हा? हा विषय वाणिज्य शाखेचा आहे, कला शाखेच्या विद्यार्थ्यांना त्याचे काय, असे कोणी म्हणेल. परंतु या वहीतील एका शब्दावरून आपल्या गावातील माणसाला कर्जमाफी मिळते किंवा मिळत नाही. म्हणून तो आपलाही विषय आहे.

व्याज वहीत कसे येते?

एका कास्तकाराने जूनमध्ये 7 टक्के दराने 1,00,000 रुपये पीककर्ज उचलले असे समजू. बँकेचे वर्ष 31 मार्चला संपते. तोपर्यंत जेवढे दिवस झाले तेवढ्या दिवसांचे व्याज बँक आपल्या उत्पन्नात धरते. ते पैसे अजून आलेले नसतात, केवळ येणे झालेले असतात. कर्ज चांगले असेल तर यात गैर काही नाही.

अडचण होते ती कर्ज परत येण्याची शक्यता मावळल्यावर. पूर्वी अशा कर्जावरही व्याज चढत राही आणि न आलेल्या व्याजाचा नफा दाखवता येई. 1991 साली नरसिंहम समितीने यावर बोट ठेवले आणि 1992-93 पासून रिझर्व्ह बँकेने उत्पन्न धरण्याचे व तरतुदीचे नवे नियम लागू केले. ठरलेल्या मुदतीत वसुली झाली नाही तर ते खाते अनुत्पादक, म्हणजे एन.पी.ए., समजायचे आणि त्यावरचे व्याज प्रत्यक्ष आल्याशिवाय उत्पन्नात धरायचे नाही. ही मुदत आरंभी चार तिमाह्यांची होती. ती कमी होत होत 31 मार्च 2004 पासून 90 दिवसांवर आली.

शेतीला मात्र 90 दिवसांचा गज लावलेला नाही. पऱ्हाटी दर महिन्याला हप्ता देत नाही. म्हणून कमी मुदतीच्या पिकांच्या बाबतीत देय तारखेनंतर दोन हंगाम, आणि एक वर्षाहून अधिक काळाच्या पिकांच्या बाबतीत एक हंगाम थकबाकी राहिली, तरच खाते अनुत्पादक होते. नैसर्गिक आपत्तीत कर्जाची मुदत वाढवून नवे हप्ते बांधून देण्याचीही सोय आहे. पीक निसर्गाच्या पंचांगाने चालते, ही गोष्ट नियमाने येथे मान्य केली आहे.

खाते अनुत्पादक झाले म्हणजे काय होते?

आपले वरचेच उदाहरण पुढे नेऊ. सोपेपणासाठी दर 7 टक्केच ठेवू आणि दोन वर्षांचे सरळ व्याज 14,000 रुपये उत्पन्नात धरले गेले होते असे मानू. खाते अनुत्पादक होताच हे 14,000 उत्पन्नातून उलटवावे लागतात. शिवाय कर्ज 'दुय्यम' वर्गात जाते. तारण असलेल्या दुय्यम कर्जासाठी व्यापारी बँकेला 15 टक्के तरतूद करावी लागते, म्हणजे मुद्दलावर 15,000 रुपये. चांगल्या शेतीकर्जावर हीच तरतूद केवळ 0.25 टक्का, म्हणजे 250 रुपये असते. एका खात्यामागे सुमारे 29,000 रुपयांचा फटका बसतो. अशी 1000 खाती झाली तर आकडा 2 कोटी 90 लाखांवर जातो. पुढे कर्ज 'संशयास्पद' आणि शेवटी 'बुडीत' वर्गात गेले तर तरतूद वाढत वाढत शंभर टक्के होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बँकेने व्याज उलटवले किंवा तरतूद केली म्हणून कास्तकाराचे देणे फिटत नाही. तरतूद हा बँकेचा स्वतःशी केलेला हिशेब आहे. 'बँकेने कर्ज सोडून दिले' अशी समजूत करून घेणाऱ्याची पुढे निराशा होते.

हाच प्रश्न इतर व्यवहारांत

कर्जाहून निराळ्या दिसणाऱ्या दोन व्यवहारांतही हाच प्रश्न उभा राहतो. त्यांच्याकडे पाहिले की नियमामागचा विचार अधिक स्पष्ट होतो.

पहिला व्यवहार वायद्याचा. अकोल्याचा एक जिनिंगवाला कापसाच्या गाठी परदेशी पाठवतो आणि तीन महिन्यांनी मिळणारे 1 लाख डॉलर बँकेला 85 रुपये भावाने देण्याचा करार आजच करतो, असे समजू. 31 मार्चला त्या मुदतीचा भाव 87 झाला, तर बँकेच्या वहीत या कराराची किंमत 2 लाख रुपये दिसते. एकही डॉलर आलेला नाही, तरी बाजारभावाने मोजून ही रक्कम धरावी लागते. भाव 83 झाला असता तर तेवढाच तोटा दाखवावा लागला असता. पण अशा कराराची येणे झालेली रक्कम देय तारखेपासून 90 दिवस मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तीही अनुत्पादकच ठरते.

दुसरा व्यवहार इस्लामी वित्तव्यवस्थेतील मुराबहाचा. तेथे व्याज घेणे निषिद्ध आहे. म्हणून बँक वस्तू स्वतः विकत घेते आणि नफा उघड सांगून ग्राहकाला हप्त्यांनी विकते. 50,000 रुपयांचा पंप 56,000 रुपयांना बारा हप्त्यांत विकला, तर 6,000 रुपये नफा होय. पण तो पहिल्याच दिवशी न धरता हप्त्यांच्या काळावर वाटून धरतात. सरळ वाटणी केली तर महिन्याला 500 रुपये. हप्ता चुकला तरी ठरलेली किंमत वाढवता येत नाही, आणि दंड घेतलाच तर तो दानधर्माकडे वळवण्याची प्रथा आहे. अशा संस्थांसाठी हिशेबाची मानके ठरवणारी संघटना 1991 पासून बहरीनमध्ये काम करते. भारतात रघुराम राजन समितीने 2008 साली बिनव्याजी बँकिंगचा विचार व्हावा असे सुचवले होते. 2017 साली रिझर्व्ह बँकेने तो प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरवले.

देणे बेसुमार वाढू नये हा विचार आपल्याकडेही जुना आहे. व्याज मुद्दलाहून अधिक होऊ नये, हा दामदुपटीचा दंडक होता. लहान व अत्यल्प भूधारकांच्या अल्पमुदत पीककर्जाला रिझर्व्ह बँकेने तीच मर्यादा घातली आहे.

'नवे-जुने'

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. राज्यात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना आहे. अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे जन्मलेल्या आणि केंद्रात कृषिमंत्री झालेल्या भाऊसाहेबांचे नाव तिला दिलेले आहे. केंद्राची व राज्याची सवलत मिळून, 3 लाखांपर्यंतचे पीककर्ज 30 जूनपर्यंत फेडणाऱ्याला व्याजाचा भार पडत नाही. योजना निश्चितच चांगली आहे.

परंतु ज्याच्या हाती जूनमध्ये पैसा नाही तो काय करतो? तो आठ दिवसांसाठी सावकाराकडून 1,00,000 रुपये आणतो, सोसायटीत भरतो, नवे कर्ज मंजूर झाले की ते उचलतो आणि सावकाराचे परत करतो. यालाच आपल्याकडे 'नवे-जुने' म्हणतात. सावकाराने शेकडा 2 रुपये घेतले असे समजले तरी आठ दिवसांचे 2,000 रुपये झाले. कर्ज बिनव्याजी, आणि तरी 2,000 रुपये व्याज! हे व्याज सोसायटीच्या वहीत नाही आणि जिल्हा बँकेच्या ताळेबंदातही नाही. बँकेच्या वहीत एवढेच दिसते की जुने कर्ज वेळेवर आले, नवे दिले, खाते उत्तम आहे. वहीला जे 'आलेले' दिसते ते वस्तुतः बँकेचेच पुन्हा जाणारे पैसे आहेत.

याचा परिणाम कर्जमाफीच्या वेळी दिसतो. 2019 च्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत 1 एप्रिल 2015 ते 31 मार्च 2019 या काळात उचललेले आणि 30 सप्टेंबर 2019 रोजी थकीत असलेले कर्ज 2 लाखांपर्यंत माफ झाले. नियमित फेडणाऱ्यांसाठी 50,000 रुपयांपर्यंत प्रोत्साहन रक्कम होती. म्हणजे एकाच पावसात, एकाच शिवारात, सारखेच पीक बुडालेले दोन भाऊ घ्या. एकाने कर्ज थकवले, दुसऱ्याने उसनवारी करून नवे-जुने केले. पहिला थकबाकीदार म्हणून 2 लाखांपर्यंत मोकळा होऊ शकतो. दुसरा वहीत 'नियमित' असल्यामुळे त्याला फार तर प्रोत्साहन रक्कम मिळते. दोघांच्या घरची स्थिती एकच होती, फरक केवळ नोंदीचा. ज्याने पत राखण्यासाठी धडपड केली तोच मागे राहिला.

यात बँकेचा कर्मचारी किंवा गटसचिव खोटे लिहितो असे म्हणता येणार नाही. भरणा खरा असतो, पावती खरी असते. उणीव आहे ती मोजमापात. बँकेला तरतूद वाचवायची असते, कास्तकाराला सवलत आणि पुढचे कर्ज हवे असते. दोघांचाही हेतू समजण्याजोगा आहे. पण त्यामुळे खरी अडचण वर्षानुवर्षे वहीबाहेर राहते आणि सरकारची योजना वहीकडे पाहून आखली जाते.

उपाय मोठे आहेत असे नाही. भरणा आणि नवी उचल यांत थोड्याच दिवसांचे अंतर असलेली खाती बँकांनी निराळी मोजावीत. अमरावती आणि अकोला जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना सोसायट्यांकडून ही माहिती तारखांसह काढणे अशक्य नाही. हंगाम खरोखर बुडाला असेल तर नवे-जुने करण्याऐवजी मुदतवाढ व हप्तेबंदी आधी सुचवली जावी. आणि सभासदाने वर्षातून एकदा आपल्या कर्जखात्याचा उतारा मागून घ्यावा. त्यात मुद्दल, व्याज, देय तारीख आणि खात्याचा वर्ग या चार गोष्टी पाहाव्यात.

या शेवटच्या कामात आपण विद्यार्थी उपयोगी पडू शकतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी उतारा वाचणारे पहिले माणूस आपणच आहोत. उन्हाळ्याच्या सुटीत गावी गेल्यावर दहा घरांचे उतारे जरी वाचून समजावून दिले, तरी वहीत 'आलेले' म्हणून जे लिहिले आहे ते कोठून आले, हा प्रश्न गावात विचारला जाऊ लागेल. तो विचारला गेल्याशिवाय पुढच्या योजनेत त्या दुसऱ्या भावाचा विचार होणार नाही.