वॉरंट नसलं तरी कारण लागतं

तालुक्याच्या कोर्टात मी फौजदारी कामं करतो. माणूस उचलला गेला की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "वकीलसाहेब, वॉरंट न दाखवता नेलं. चालतं का असं?" त्यांना जे सांगत आलो, ते इथे लिहितो.

१. वॉरंटवरून भांडू नका, कारण विचारा. दखलपात्र गुन्ह्यात पोलीस वॉरंटविना अटक करू शकतात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४१ होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५ आहे. पण अधिकार आहे म्हणून अटक करायचीच असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली जोगिंदर कुमार खटल्यात बजावलं. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असेल तर अटकेची गरज का पडली हे पोलिसांनी लिहून ठेवावं लागतं (अर्नेश कुमार, २०१४). गरज नसेल तर हजर राहण्याची नोटीस देतात. ती नोटीस घ्या आणि तारीख चुकवू नका. गैरहजर राहिलात तर अटकेचं कारण आपणच पुरवता.

२. वेळ लिहून ठेवा. माझ्या मते सगळ्यात मोठी लबाडी इथेच होते. रात्री आठला "साहेबांनी चौकशीला बोलावलंय" म्हणून नेतात आणि कागदावर अटक दुसऱ्या दिवशी दुपारी चारची दाखवतात. संविधानाच्या कलम २२ प्रमाणे, प्रवासाचा वेळ सोडून, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावंच लागतं. हे तास कुठून मोजायचे? मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्ये कस्टमच्या एका प्रकरणात स्वच्छ सांगितलं की माणसाला अडकवून ठेवलं तेव्हाच अटक सुरू होते. अधिकाऱ्याने कागदावर कोणती वेळ घातली याला महत्त्व नाही. म्हणून नेलं त्या क्षणी घरच्यांनी कोणाला तरी मेसेज करावा. पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही हवाच, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा आदेश आहे. त्या दिवसाचं चित्रीकरण जपून ठेवा असा लेखी अर्ज लगेच द्या आणि पोच घ्या.

३. अटकेची कारणं लेखी मागा. मुंबईतल्या वरळीच्या अपघात प्रकरणातून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियम पक्का केला: गुन्हा कोणताही असो, कारणं त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यायची, आणि तातडीमुळे आधी देता आली नाहीत तरी रिमांडच्या किमान दोन तास आधी द्यायची. नुसतं कलम सांगणं म्हणजे कारण सांगणं नव्हे. हा मुद्दा वकिलाने पहिल्याच रिमांडला मांडावा.

४. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी, अपवादात्मक परिस्थिती सोडून, स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादातही महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची पूर्वपरवानगी लागते. साक्षीदार म्हणून जबाब हवा असेल तर पोलिसांनीच तिच्या घरी यायचं.

५. झडतीत पंच कोण ते पाहा. तपासी अंमलदाराला वॉरंटविना झडती घेता येते, पण विलंब का परवडणार नव्हता ते आधी नोंदवावं लागतं आणि त्या नोंदीची प्रत अठ्ठेचाळीस तासांत मॅजिस्ट्रेटकडे जावी लागते. आता झडतीचं चित्रीकरणही सक्तीचं आहे. पंच त्याच भागातले, प्रतिष्ठित आणि स्वतंत्र असावेत, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात ठाण्याबाहेरच्या टपरीवरचा तोच माणूस पंचनाम्यामागून पंचनाम्यावर सही करताना दिसतो. उलटतपासणीत "याआधी किती पंचनाम्यांत पंच होतात?" हा साधा प्रश्न अनेकदा पुरतो. घरमालकाने हजर राहावं, यादीची प्रत मागावी, कोऱ्या कागदावर सही करू नये.

इथे एक कडू गोष्ट सांगायलाच हवी. झडती बेकायदा ठरली म्हणून सापडलेली वस्तू पुराव्यातून आपोआप बाद होत नाही. पूरनमल खटल्यापासून (१९७४) हेच चालत आलंय. अमली पदार्थांच्या अंगझडतीत मात्र राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटपुढे झडती मागण्याचा हक्क सांगितला नाही, तर अंगावर सापडलेल्या मालावर शिक्षा टिकत नाही (बलदेव सिंग, १९९९). इतकी शिस्त एका कायद्यात जमते, तर सामान्य माणसाच्या घराच्या झडतीत का जमू नये? हे बदललं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

६. मॅजिस्ट्रेट विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" शेजारी हवालदार उभा असतो, म्हणून बहुतेक जण "नाही" म्हणतात. वकील नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा वकील तिथेच मागा, तो मोफत मिळतो. आणि मारहाण झाली असेल, वेळ खोटी असेल, तर त्याच क्षणी बोला. तुमचं उत्तर रोजनाम्यात उतरलं का, हे वकिलाला पाहायला सांगा.