समुद्राकाठचे घर : रचना आणि राखण

नोकरीनिमित्त भिलाईच्या सेक्टर १० सारख्या वसाहतीत स्थिरावलेल्या एखाद्या मराठी कुटुंबाचे मूळ घर कोकणात असते. गणपतीच्या दिवसांत ते उघडते, एरवी कुलूपबंद असते. कधीतरी गावाहून निरोप येतो, ‘मागच्या पडवीचे वासे खचले आहेत.’ मग घरात प्रश्न उभा राहतो, दुरुस्ती करावी की घर उतरवावे? उत्तर देण्यापूर्वी ते घर इतकी वर्षे कशाच्या बळावर उभे राहिले, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

या दृष्टीने रत्नागिरीच्या टिळक आळीतील लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान अभ्यासण्याजोगे आहे. २३ जुलै १८५६ रोजी लोकमान्यांचा जन्म रत्नागिरीत झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक होते. १८६६ मध्ये हे कुटुंब पुण्यास गेले. राज्याच्या पुरातत्त्व विभागाने स्मारक म्हणून जतन केलेले हे घर म्हणजे राजवाडा नव्हे, तर उतरत्या कौलारू छपराचे कोकणी घर आहे. म्हणूनच त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

भिलाई परिसरात वर्षाकाठी सुमारे १,२०० मिलिमीटर पाऊस पडतो. रत्नागिरीत तो ३,००० मिलिमीटरहून अधिक, आणि तोही मुख्यत्वे चार महिन्यांत. त्यात समुद्रावरून येणारा खारा वारा. कोकणी घराची सारी रचना या दोहोंना दिलेले उत्तर होय. छपराचा उतार तीव्र असतो, कारण पाणी थांबले की मुरते. छप्पर भिंतीच्या बरेच पुढे येते, त्यामुळे पागोळ्या जोत्यापासून दूर पडतात. जोते उंच असल्याने अंगणातील ओल घरात शिरत नाही. पुढील व मागील पडवी पावसाची झड स्वतःवर झेलते आणि माजघर कोरडे राहते.

भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या. हा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, त्यामुळे सहज तासता येतो. हवा लागली की टणक होतो. मात्र तो सच्छिद्र असल्याने ओल शोषतो. चुन्याच्या गिलाव्यातून ही ओल बाहेर पडू शकते. घट्ट सिमेंटच्या गिलाव्यामागे ती अडकून राहते. जुन्या भिंतीला ‘मजबुती’साठी सरसकट सिमेंट लावणे म्हणूनच हितावह नसते.

मंगळुरी कौलांचा प्रसार बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे सुरू केलेल्या कारखान्यानंतर झाला. त्यापूर्वी घरे गवताने अथवा अर्धगोल नळ्यांनी शाकारत. साहित्य बदलले, तरी उतार आणि पडवी कायम राहिली. याच शहरात ब्रह्मदेशाच्या पदच्युत थिबा राजासाठी १९१० मध्ये पूर्ण झालेल्या राजवाड्यालाही जांभा आणि उतरते छप्पर स्वीकारावे लागले. समुद्राकाठचा पाऊस राजा आणि शिक्षक यांत भेद करीत नाही.

तथापि ही रचना माणसांच्या राबत्यावर अवलंबून आहे. पावसाळ्यापूर्वीची शाकारणी, फुटक्या कौलांची अदलाबदल, चुलीच्या धुराने कोरडे राहणारे लाकूड, वाळवीवर नजर, हे सारे बंद घरात थांबते. एका सरकलेल्या कौलातून गळणारे पाणी प्रथम रीप, मग वासा आणि शेवटी भिंत घेऊन जाते. हानी चक्रवाढ व्याजाप्रमाणे वाढते. शाकारणीचा वार्षिक खर्च त्या मानाने अल्प असतो.

दुरुस्ती ठरल्यास जाणकार अभियंत्याकडून अंदाजपत्रक करून घ्यावे. कर्ज घ्यावयाचे असल्यास मालकी हक्काची कागदपत्रे प्रथम पाहावीत. अनेक घरे अद्याप आजोबांच्या नावावर असतात. वारसनोंद व सहहिस्सेदारांची संमती यांवाचून प्रस्ताव पुढे सरकत नाही. वाशांपेक्षा पुष्कळदा हीच दुरुस्ती अधिक काळ घेते. यासाठी पुढील गणपतीत सारे भाऊबंद एकत्र जमतील, तेव्हाच हा विषय काढणे इष्ट. निर्णय घर उतरविण्याचा झाला, तरी तो सर्वांनी मिळून घेतलेला असावा. केवळ पावसाने घेतलेला नसावा.