गजाल कोणाची?

आमच्याकडे पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी साडेसहाला येतो. सायकलच्या हॉर्नचं पों-पों ऐकू आलं की कोणीतरी पिशवी घेऊन अंगणात धावतं. पावसाळ्यात एकदा पाव मोजताना एक कमी भरला. पोदेराची नजरचूक असेल म्हणून सोडून दिलं. तो पाव दुसऱ्या दिवशी धाकट्याच्या दप्तरात सापडला, परिसर अभ्यासाच्या पुस्तकात दाबून ठेवलेला. पावावर अक्षर एकही उमटलं नव्हतं. पुस्तकाला मात्र मुंग्या लागल्या होत्या.

ओरडण्याआधी कारण विचारलं, हे माझं नशीब. कारण होतं टीव्हीवरच्या कार्टूनमधला डोरेमॉन. त्याच्या पोटाच्या खिशातून एकदा पाठांतराचा पाव निघतो. पुस्तकाच्या पानावर दाबला की मजकूर पावावर उमटतो, आणि पाव खाल्ला की तो मजकूर तोंडपाठ. परीक्षेला घाबरलेला त्याचा दोस्त नोबिता पानामागून पान खात सुटतो. पोट बिघडतं, आणि संडासात जाऊन आल्यावर सगळं पाठांतर साफ!

त्या रात्री जेवताना आमच्याकडे यावरून वाद पेटला. माझं माहेर डिचोलीचं, सासर पेडण्याचं, त्यामुळे वाद घालायला दोन तालुके पुरेसे आहेत. चौथीतला मुलगा म्हणाला, ही गजाल, म्हणजे गोष्ट, नोबिताची. कार्टूनचं नाव डोरेमॉन असलं तरी तो बाविसाव्या शतकातून पाठवलाय तो नोबिताला सुधारायला, मग मुख्य कोण? सातवीतली मुलगी ठामपणे म्हणाली, "न्हय, ही गजाल आवयची. ती खोलीत येता, 'अभ्यास कर' म्हणता आनी जाता. तिच्या भयानच तो पाव खाता." सासऱ्यांचं आयुष्य दशावतार बघण्यात गेलेलं. त्यांनी कढीचा भुरका घेत विचारलं, "राजपार्ट कोण आनी खलपार्ट कोण, तें आदीं सांगा." आणि स्वतःच निकाल दिला, "खलपार्ट परीक्षेचो!"

इथे मी मध्ये पडले. "ते राहू दे. यातून तात्पर्य काय घ्यायचं?"

मुलाने पाठ ताठ केली आणि शाळेत म्हणतात त्या सुरात म्हणाला, "मेहनतीशिवाय यश मिळत नाही." सगळे गप्प. घरच्या बोलीत रंगलेली गजाल पुस्तकी मराठीत शिरली आणि तिथेच संपली. हे वाक्य त्याने त्या गोष्टीतून काढलं नव्हतं. माझ्या तोंडाकडे बघून काढलं होतं. पाठांतराचा पाव म्हणाल तर तो हाच, आणि भरवणारी मी.

त्याला खरं वाटत होतं ते अंधारात, झोपताना बाहेर आलं. "पण आई, परीक्षा जाली काय आमी पण विसरतांवच न्हय?"

मी बराच वेळ पंख्याकडे बघत पडून राहिले. पुढे फुजिको एफ. फुजिओ या टोपणनावाने ओळखल्या गेलेल्या जपानी चित्रकथाकाराने १९६९च्या डिसेंबरात डोरेमॉन सुरू केला, तेव्हा तिथली मुलंही परीक्षेच्या धाकातच वाढत होती. त्या पावात घोकंपट्टीची थट्टा आहे, खाल्लं आणि बाहेर टाकलं. नऊ वर्षांच्या पोराला ती कळली होती. मला, रोज त्याची प्रश्नोत्तरं पाठ करून घेणारीला, ती कळली नव्हती, कारण मी सुरुवातीपासून नोबिताच्या आईच्या खुर्चीवर बसून तो भाग बघत होते.

तुमच्याशी बोलायचं आहे ते या खुर्चीबद्दल. गोष्ट कोणाची, हे ठरलं की तात्पर्य बदलतं. आई-वडिलांच्या जागेवरून बघा, नोबिता आळशी आहे. त्याच्या जागेवरून बघा, तो घाबरलेला आहे. आपण तात्पर्य मागतो तेव्हा बहुतेक वेळा आपल्या खुर्चीवरचं मागतो. सवय जुनी आहे. सदाशिव काशीनाथ छत्र्यांनी इसापनीती मराठीत आणली ती १८२८ साली. तेव्हापासून कोल्हा, कावळा, कासव कोणीही येवो, आपली नजर शेवटच्या ओळीकडे असते. कोल्ह्याला द्राक्षं खरंच हवी होती का, हे विचारायला वेळ कोणाला?

दशावताराने मात्र ही सवय लावली नाही. पेडण्यात जत्रा लागल्या की सिंधुदुर्गातल्या मोचेमाडकर, पार्सेकर, वालावलकर अशा मंडळ्या येतात. संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या रचतात. आधी गणपती, सरस्वती, मग काळ्या पोशाखातला संकासुर, मग रात्रभर आख्यान आणि पहाटे दहीकाला. संकासुर वेद चोरणारा, विष्णूच्या हातून मरणारा. पण आईच्या मांडीवर पेंगणारी पोरं उठवली जातात ती त्याच्यासाठी. हसू त्याचं, टाळी त्याची. सासरे सांगतात, सकाळी चहाच्या दुकानात दोन गट पडत. कोणी म्हणे राजपार्टाने शब्द राखला, कोणी म्हणे खलपार्टाचं बरोबर होतं, त्याच्यावर अन्याय आधी झाला. तात्पर्य विचारणारा त्या बाकड्यावर कोणी नसे. तरी त्या पिढीला बरं-वाईट कळत नव्हतं असं म्हणायची माझी तरी छाती नाही.

दिवाळीत डिचोलीला आमच्या वाड्यावरचा नरकासुराचा पुतळा दुमजली व्हायचा. बांबू, पेंढा, रद्दी, वर भयंकर मुखवटा. मुलांची दहा-बारा रात्रींची जागरणं त्यात जायची. कृष्ण मात्र खेळण्याएवढा, शेवटच्या तासाला आठवलेला. पहाटे नरकासुर जळायचा आणि आम्ही अभ्यंगस्नानाला घरी पळायचो, पायाखाली कारीट फोडायला. मोठी माणसं तेव्हाही कुरकुरत आणि आजही कुरकुरतात की पोरं राक्षसालाच मोठं करतात. गेल्या दिवाळीत फोव खाताना माझ्या मुलीने विचारलं, सोळा हजार बायका कोंडल्या होत्या ना, मग त्यांचा पुतळा कोणीच का करत नाही? तिच्या मते दिवाळी ही त्यांची गजाल. घरातले पुरुष एकदम फोवांच्या वाटीत डोकावू लागले.

मुलं कोणाच्या बाजूने भांडतात ते ऐका, त्यातून फार काही कळतं. ही मुलगी एकेकाळी प्रत्येक भागात जियानची बाजू घ्यायची. जियान म्हणजे तो धटिंगण, भसाड्या आवाजात गाऊन मित्रांना छळणारा. मला काळजी वाटायची की हिला दांडगाई आवडते की काय. एकदा उपदेश गिळून विचारलं, त्याचं काय आवडतं? म्हणाली, त्याला कोणी खरं सांगत नाही की तू वाईट गातोस, सगळे मागून हसतात. त्याच आठवड्यात समूहगीतातून तिला वगळलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. शाळेतून आल्यावर रोज "आज काय झालं?" विचारत होते ते वायाच गेलं होतं.

प्रत्येक वेळी गप्प बसा, असं मी म्हणत नाही. नोबिताची मैत्रीण शिझुका अंघोळ करत असताना तो मध्येच टपकतो, आणि तो विनोद म्हणून दाखवतात. तिथे मी टीव्ही थांबवते आणि सरळ सांगते, हे चूक आहे, यात हसण्यासारखं काही नाही. तिथे चर्चा नको. मुलगी त्यावर म्हणाली की शिझुकाची गजाल कधीच नसते, ती फक्त असते. ही भर तिची.

पण बाकीच्या वेळी, भाऊ-बहीण अर्धा तास तावातावाने भांडत असतील तर भांडू द्या. भाजी जरा थंड होईल. विचारायचंच असेल तर विचारा, शेवट पटला का? तू असतास तर कुठे थांबला असतास? आणि उत्तर आल्यावर भुवया उंचावू नका. मुलं आपले शब्द कमी, भुवया जास्त वाचतात. मला अजून हे नीट जमत नाही.

परवा रविवारी पोदेर येऊन गेल्यावर आम्ही दोघीच ओट्यापाशी चहा पीत होतो. मी मुलीला विचारलं, तू तेव्हा म्हणालीस की ती गजाल आवयची. मग त्या आईचं पुढे काय झालं?

तिने पाव चहात बुडवला. "काय जातलां? डोरेमॉन सगळ्यांक खिशातलां काय ना काय दिता. तिका कोण कायच दिना."

आणि उरलेला अर्धा पाव तिने माझ्या बशीत ठेवला.