मोटारीचें बळ कां घटतें? घरच्या घरीं करावयाचें निदान

बैल औत ओढतांना मागें पडूं लागला म्हणजे जाणता शेतकरी त्यास लगेच बाजार दाखवीत नाहीं. तो आधीं त्याचे खूर पाहतो, खांदेसूज आहे काय तें चांचपतो, चारापाण्याचा विचार करतो, आणि जूं नीट बसलें आहे कीं नाहीं हेंहि तपासतो. मोटारीच्या बाबतींत मात्र हें शहाणपण आपण क्वचितच वापरतों. चढावर गाडी दम टाकूं लागली, किंवा मोटारवाले ज्यास ‘पिकअप’ म्हणतात तो कमी झाला, कीं ती थेट गॅरेजमध्यें जाते. तेथें आधीं प्लग बदलले जातात, मग कॉइल, मग पेट्रोलचा पंप. आणि तीन बिलें चुकतीं झाल्यावर कधीं कधीं असें कळतें कीं दोष साध्या एअर फिल्टरांत होता. अंदाजानें सुटे भाग बदलण्यांत जाणारा हा पैसा क्रमवार तपासणीनें पुष्कळसा वांचवितां येतो. ती तपासणी येथें सांगावयाची आहे. विवेचन मुख्यतः तीन किंवा चार सिलिंडरांच्या साध्या पेट्रोल मोटारीचें आहे. डिझेल गाडीसंबंधीं शेवटीं थोडें लिहिलें आहे.

बळाचीं पांच अंगें

पेट्रोल इंजिनास पूर्ण बळ येण्यास पांच गोष्टी लागतात: पुरेशी हवा, योग्य प्रमाणांत इंधन, वेळेवर पडणारी ठिणगी, सिलिंडरांत टिकणारा दाब, आणि जळालेला वायु बाहेर जाण्यास मोकळी वाट. यांपैकीं एक जरी उणें पडलें तरी बाकीचीं चार व्यर्थ होत. तपासणी करतांना जें स्वस्त व सोपें तें प्रथम, जें महाग व अवघड तें शेवटीं, असा क्रम ठेवावा. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि गाडी चालवून परिणाम पाहावा. दोन गोष्टी एकदम बदलल्या म्हणजे गुण कशाचा आला हें कधींच कळत नाहीं.

आरंभीं स्वतःलाच दोन प्रश्न विचारावे. बळ हळूहळू कमी झालें कीं एका दिवसांत? हळूहळू घटलें असेल तर कोंदलेला फिल्टर, झिजलेले प्लग किंवा उतरलेला दाब यांकडे संशय न्यावा. एकाएकीं घटलें असेल तर निसटलेला पाइप, बिघडलेली कॉइल, उंदरानें कुरतडलेली तार किंवा खराब पेट्रोल यांचा विचार करावा. दुसरा प्रश्न, हा खरोखर दोष आहे काय? महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारें १,३५० मीटर उंच आहे. तेथील हवा किनाऱ्यावरील हवेपेक्षां सुमारें एक अष्टमांशानें विरळ असते, आणि टर्बो नसलेल्या इंजिनाचें बळहि साधारण तितकेंच उतरतें. पांच माणसें, मागें पोतीं आणि वातानुकूलन चालू, अशा स्थितींत घाट चढणाऱ्या लहान गाडीस दोष देणें योग्य नव्हे.

काम करतांना सावधगिरी

गाडी सपाट जागीं उभी करून चाकांस दगड लावावे. केवळ जॅकच्या आधारावर असलेल्या गाडीखालीं कधींहि शिरूं नये. बंद गोठ्यांत वा खोलींत इंजिन चालवूं नये. धुरांतील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूस रंग नाहीं व वास नाहीं. पेट्रोलचें काम चाललें असतां जवळ विडी-काडी नसावी. तापलेल्या रेडिएटरचें झांकण उघडूं नये.

१. इंजिन दमलें कीं गाडी अडली?

पुष्कळदां इंजिन धडधाकट असतें आणि गाडीस दुसरेंच कांहीं मागें ओढीत असतें. चारी टायरांतील हवा मोजावी. योग्य दाब बहुधा चालकाच्या दाराजवळील चिठ्ठीवर लिहिलेला असतो. नंतर सपाट कठीण जमिनीवर इंजिन बंद, गिअर सुटा व हँडब्रेक सोडलेला ठेवून दोघांनीं गाडी ढकलावी. लहान मोटार फारसा जोर न लावतां सरकली पाहिजे. पांच-सहा किलोमीटर चालवून, शक्य तितका कमी ब्रेक वापरून थांबावें आणि प्रत्येक चाकाजवळ, स्पर्श न करतां, हात धरावा. एका चाकाची धग इतरांहून स्पष्ट अधिक लागली तर त्या चाकाचा ब्रेक धरून राहतो असें समजावें.

क्लचची परीक्षा अशी: मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्यें मध्यम वेगानें जात असतां ॲक्सिलरेटर एकदम दाबावा. इंजिनचा आवाज चढला पण गाडीचा वेग चढला नाहीं, तर क्लच घसरतो आहे. ॲक्सिलरेटरचें पायटें तळापर्यंत जातें काय हेंहि पाहावें. त्याखालीं सरकलेली रबरी चटई हेंहि बळ घटण्याचें एक कारण असतें.

२. हवेची वाट

एअर फिल्टरचा डबा उघडून कागदी फिल्टर उजेडासमोर धरावा. उजेड आरपार दिसत नसेल तर तो बदलावा. कच्च्या रस्त्याची धूळ, मळणीचा भुसा व पाचटाची कुसें यांमुळें आपल्याकडील फिल्टर शहरांतील गाडीच्या फिल्टरापेक्षां लौकर कोंदतो. यास्तव पुस्तिकेंतील मुदतीची वाट पाहूं नये. गाडी फार दिवस उभी असेल तर त्याच डब्यांत उंदरांचें घरटें सांपडण्याचा संभव असतो. कागदी फिल्टर पाण्यानें धुऊं नये, आणि फिल्टरावांचून गाडी तर मुळींच चालवूं नये; आंत जाणारी धूळ सिलिंडर व पिस्टनच्या रिंगा घांसून टाकते.

फिल्टरापासून इंजिनापर्यंतचा रबरी पाइप वांकवून पाहावा. त्यास चीर पडली असेल तर न मोजलेली हवा आंत शिरते आणि मिश्रण विरल होतें. इंजिन संथ चालू असतां जवळ कान दिल्यास सूं सूं असा आवाज येतो.

३. ठिणगी

इंजिन उभ्या जागीं ठराविक तालानें हादरत असेल, ज्यास मेकॅनिक ‘मिसिंग’ म्हणतात, तर एखादें सिलिंडर काम करीत नाहीं असें जाणावें. तीन सिलिंडरांच्या इंजिनांत एक मेलें म्हणजे तिसरा हिस्सा बळ गेलें. इंजिन थंड झाल्यावर एकेक प्लग काढावा. टोंक फिकट तपकिरी असेल तर सर्व ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. तेलकट ओलेपणा असेल तर ऑइल सिलिंडरांत येत आहे. पांढरें, भाजल्यासारखें टोंक विरल मिश्रण किंवा अति उष्णता दाखवितें. टोंकाची फट पुस्तिकेंत दिल्याप्रमाणें असावी.

ज्या गाड्यांत प्रत्येक प्लगास स्वतंत्र कॉइल असते तेथें एक सोपी युक्ति आहे. इंजिन बंद करून संशयित सिलिंडरची कॉइल शेजारच्या सिलिंडरावर व तेथील इकडे बसवावी. दोष कॉइलबरोबर हलला तर कॉइल वाईट. हलला नाहीं तर प्लग, इंजेक्टर किंवा दाब यांकडे वळावें. इंजिन चालू असतां प्लगची तार हातानें ओढण्याची जुनी रीत सोडून द्यावी. तेथें हजारों व्होल्टांचा झटका असतो.

४. इंधन

सपाटीवर गाडी ठीक चालते, परंतु चढावर किंवा वेग घेतांना गुदमरते, हें इंधन अपुरें पडण्याचें नेहमींचें लक्षण होय. कारण मागणी वाढतांच कोंदलेला फिल्टर किंवा थकलेला पंप पुरा पडत नाहीं. किल्ली फिरवून इंजिन सुरू न करतां कान दिल्यास बहुतेक गाड्यांत टाकीकडून दोन-तीन सेकंद पंपाची गुणगुण ऐकूं येते. पेट्रोल भरल्यानंतर लगेच दोष उद्भवला असेल तर टाकींत पाणी गेल्याचा संशय घ्यावा.

येथें इथेनॉलविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. कारण तें आपल्याच उसापासूनहि होतें आणि त्याच्या माथीं हरएक दोष मारण्याची हल्लीं चाल पडली आहे. पेट्रोलमध्यें २० टक्के इथेनॉल मिसळण्याचें लक्ष्य आपल्या देशानें २०२५ सालीं गाठलें. एक लिटर इथेनॉलमध्यें पेट्रोलच्या सुमारें दोन तृतीयांश उष्णता असते. म्हणून अशा मिश्रणांत शुद्ध पेट्रोलपेक्षां सहा ते सात टक्के उष्णता कमी भरते. इंजेक्शनच्या गाडींत संगणक अधिक इंधन सोडून ही तूट भरून काढतो. त्यामुळें खप वाढेल, परंतु गाडी चढावर अडणार नाहीं. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीची गोष्ट वेगळी. १९८३ सालीं बाजारांत आलेल्या मारुति ८०० च्या आरंभींच्या गाड्या या जातीच्या होत. त्यांत मिश्रण आपोआप सुधारत नाहीं, आणि जुन्या रबरी नळ्या इथेनॉलनें खराब होण्याचें भय असतें; त्या नळ्या तपासून बदलाव्या. इथेनॉल पाणी शोषून घेतें, म्हणून गाडी फार दिवस उभी ठेवावयाची असेल तर टाकी अर्धवट ठेवूं नये.

५. धुराची वाट आणि दाब

इंजिन संथ चालू असतां सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर हात धरावा. धुराचा झोत सारखा व मोकळा लागला पाहिजे. नळींत कुंभारमाशीचें मातीचें घर किंवा चिखल नाहीं ना, हें पाहावें. इंजिन कांहीं फेऱ्यांपलीकडे चढतच नसेल, तर आंतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबल्याचा संशय घ्यावा. तो महाग भाग आहे आणि बहुधा दुसऱ्या दोषामुळें बिघडतो: मेलेल्या सिलिंडरांतील न जळलेलें पेट्रोल त्यांत जाऊन पेटतें व आंतील जाळी वितळते. यास्तव डॅशबोर्डावरील इंजिनचा दिवा लुकलुकूं लागला तर तेथेंच थांबावें.

तो दिवा स्थिर पेटला असेल तर ओबीडी वाचक नांवाचें लहान यंत्र जोडून दोषाचा क्रमांक वाचावा. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ च्या मोटारींत ही सोय असते. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरची मिसिंग, पी ०१७१ म्हणजे विरल मिश्रण. क्रमांक दिशा दाखवितो. बदलावयाच्या भागाचें नांव सांगत नाहीं.

शेवटीं दाब. इंधन व ठिणगी दोन्ही बंद करून, सर्व प्लग काढून, प्रत्येक सिलिंडरचा दाब मापकानें घ्यावा. एका सिलिंडरचा दाब इतरांहून बराच कमी असेल तर त्यांत चमचाभर इंजिन ऑइल घालून पुनः मोजावा. दाब चढला तर रिंगा झिजल्या. न चढला तर व्हाल्व किंवा हेड गॅस्केट. हा दोष ठरल्यावर काम जाणत्या मेकॅनिकाकडेच द्यावें.

डिझेल गाडीसंबंधीं

डिझेल इंजिनास प्लगची ठिणगी नसते. डिझेल दाबाच्या उष्णतेनें पेटतें. तेथें एअर फिल्टर, डिझेल फिल्टरांत सांचलेलें पाणी आणि टर्बोचे निसटलेले पाइप हीं तीन स्थानें प्रथम पाहावीं. काळा धूर बहुधा हवेची कमतरता, निळा धूर जळणारें ऑइल सुचवितो. इंजिन तापल्यावरहि पांढरा दाट धूर राहिला तर रेडिएटरचें पाणी उतरतें काय तें पाहावें.

नोंदवही

मोटारीसाठीं एक वही ठेवावी. तींत तारीख, झालेले किलोमीटर, लक्षण, काय पाहिलें, काय बदललें आणि खर्च किती झाला हें लिहावें. गॅरेजमध्यें जाण्याची वेळ आलीच तर ही वही बरोबर न्यावी, आणि बदललेला जुना भाग परत मागून घ्यावा. पांच अंगांपैकीं कोणतीं निर्दोष आहेत हें लेखी दाखविणाऱ्या गिऱ्हाइकास अंदाजाचें बिल देणें कोणासहि सहज साधत नाहीं.