घरात कीटकनाशक भुकटीचा उपयोग

पावसाळ्याच्या प्रारंभी मुंग्या व झुरळे घराचा आश्रय घेतात. सुगीनंतर धान्य घरात आले की उंदीर येतात आणि उंदरांच्या अंगावरून पिसवाही येतात. गोठा घराला लागून असल्यास गोचिडांची भर पडते. अशा वेळी पुष्कळ घरांतून भुकटीची पुडी आणली जाते आणि भिंतीच्या कडेने, मोरीत, ओट्याखाली मूठ मूठ टाकली जाते. चार दिवसांनी झुरळे पूर्ववत हिंडू लागतात व औषध निकामी निघाले अशी तक्रार होते. वास्तविक बहुतेक वेळी दोष औषधाचा नसून ते टाकण्याच्या रीतीचा असतो. आणि जी रीत कीटकांना बाधत नाही तीच घरातील लहान मुलांना बाधते.

भुकटीचे कार्य कसे होते हे ध्यानी घेतले म्हणजे ही चूक सहज उमगते. वेष्टनावर ५ टक्के असे लिहिले असेल तर १०० ग्रॅम भुकटीत मूळ विष ५ ग्रॅमच असते. उरलेले ९५ ग्रॅम शंखजिरे, चिनी माती अशा निष्क्रिय खनिजांचे चूर्ण होय. कीटक त्यावरून चालला की कण त्याच्या पायांना व पोटाला चिकटतात आणि त्यांतील विष अंगावरील मेणचट थरातून आत जाते. झुरळाला आपले पाय व मिशा तोंडाने साफ करण्याची सवय असते. त्यामुळे काही विष पोटातही जाते. परंतु यासाठी कीटकाने भुकटीवरून चालले पाहिजे. पांढरा ढीग वाटेत आला की झुरळ त्याला वळसा घालून जाते. फडताळावर चार दिवसांत जेवढी धूळ बसते तेवढाच थर पुरे होतो. त्याहून जाड थर टाकणे म्हणजे पैसा वाया घालविणे आणि विष घरभर उडविणे होय.

जागा निवडताना कीटक कोठे दिसतो यापेक्षा तो दिवसा कोठे दडतो हे पाहावे. रात्री दिवा एकदम लावून झुरळे कोणत्या फटीकडे पळतात ते पाहिल्यास दडण्याची जागा सापडते. फडताळाच्या मागील फट, चौकटीच्या खाचा, नळाभोवतीचे भगदाड, ओट्याखालील सांधा या जागा उत्तम. उघडी जमीन, जेवणाची जागा, पाळण्याखालची जागा येथे भुकटीचे काहीच काम नाही. मुंग्यांची रांग मागे मागे पाहत गेल्यास भिंतीतील वारूळ किंवा भेग सापडते. भुकटी तिच्या तोंडाशी द्यावी, साखरेच्या डब्याभोवती नव्हे. डब्यासाठी पाणी भरलेली ताटली हाच जुना उपाय चांगला. झुरळाच्या अंड्यांच्या कवचात विष सहसा शिरत नाही. पुढे त्यांतून पिले बाहेर पडतात. म्हणून वेष्टनावर सांगितलेल्या अंतराने पुन्हा एकदा धुरळणी करावी लागते.

भुकटी ओली झाली की तिची शक्ती गेली असे समजावे. कण एकमेकांना चिकटून गोळा होतो व तो कीटकाच्या पायाला लागत नाही. यास्तव मोरीच्या ओल्या कोपऱ्यात भुकटी टाकणे व्यर्थ आहे. शेणाने सारवलेल्या घरात सारवण पूर्ण वाळल्यावर केवळ फटींतून ती द्यावी. भुकटी पुरवून वापरण्यासाठी तीत चुलीतली राख किंवा चुन्याची पूड मिसळण्याचा प्रघात काही ठिकाणी आहे. ही काटकसर नुकसानीची आहे. राख व चुना हे क्षारधर्मी पदार्थ आहेत, आणि मॅलॅथिऑनसारखी विषे क्षाराच्या सान्निध्यात लवकर विघटन पावतात. नुकताच चुना दिलेल्या भिंतीवरही हाच अनुभव येतो.

पिसवा व उंदीर यांच्या बाबतीत क्रमाला फार महत्त्व आहे. प्लेगचे जंतू उंदराच्या पिसवांतून माणसाकडे येतात. उंदीर मेला व त्याचे अंग थंड पडले की पिसवा त्याला सोडून दुसरे उबदार अंग शोधतात. ते अंग शेजारी निजलेल्या माणसाचेही असू शकते. १९९४ साली बीड जिल्ह्यातील मामला या गावी ग्रंथिज प्लेगचे रुग्ण आढळले आणि प्लेग इतिहासजमा झाला ही समजूत टिकली नाही. घरात पिसवा असतील तर प्रथम बिळांच्या तोंडाशी व उंदरांच्या नेहमीच्या वाटांवर, घरगुती वापरास योग्य अशी भुकटी पातळ पसरावी. उंदीर त्यावरून जा-ये करतात आणि भुकटी आपल्या अंगावरून बिळात नेतात. तेथे पिसवा मरतात. त्यानंतरच उंदरांसाठी सापळे अथवा विषारी आमिष मांडावे. आमिष आधी व भुकटी मागाहून हा क्रम धोक्याचा आहे. गावात उंदीर आपोआप मरून पडू लागले तर मात्र त्यांना हात न लावता प्राथमिक आरोग्य केंद्रास तत्काळ कळवावे. तेथे घरगुती प्रयोग करीत बसू नये.

ढेकणांसाठी गादीवर, उशीवर किंवा पांघरुणावर भुकटी कधीही टाकू नये. बाजेच्या सांध्यांत उकळते पाणी ओतणे आणि अंथरूण उकळत्या पाण्यातून काढणे हे उपाय अधिक निर्धास्त आहेत. मुलांच्या डोक्यातील उवांसाठी कीटकनाशक भुकटी केसांत चोळणे हा तर प्राणघातक प्रकार होय. कोवळ्या त्वचेतून विष आत जाते आणि डोके खाजविलेला हात तोंडात जातो. उवांकरिता स्वतंत्र औषधे वैद्यकीय सल्ल्याने मिळतात.

खाण्याच्या धान्यात कोणतीही कीटकनाशक भुकटी मिसळू नये. ती धुऊन निघून जाते हा समज खोटा आहे. धान्य कडकडीत वाळविणे, कणगी रिकामी करून स्वच्छ करणे व पत्र्याची घट्ट झाकणाची कोठी वापरणे यांनी किडीचा बराच बंदोबस्त होतो. औषध लावलेले बियाणे निराळ्या पोत्यात, ठळक खूण करून, खाण्याच्या धान्यापासून दूर ठेवावे.

कोणती भुकटी घ्यावी?

जुन्या घरांतून माळ्यावर डीडीटी किंवा गॅमेक्झिनचे डबे अद्यापि सापडतात. डीडीटीचा शेतीतील वापर भारतात १९८९ साली बंद करण्यात आला व बीएचसी म्हणजेच गॅमेक्झिनवर १९९७ साली बंदी आली. कार्बारिल व मिथिल पॅराथिऑन यांवर २०१८ साली बंदी घालण्यात आली. असे डबे वापरू नयेत, उकिरड्यात किंवा ओढ्यातही टाकू नयेत. ते बंद ठेवून त्यांच्या विल्हेवाटीविषयी कृषी अधिकाऱ्यास विचारावे. तुरीवर धुरळून उरलेली भुकटी घरातील मुंग्यांवर टाकण्याचा मोह शेतकऱ्यास सहज होतो. परंतु शेतात वारा व ऊन विष पांगवितात. बंद खोलीत ते महिनोन्‌महिने राहते आणि रांगणारे मूल त्याच जमिनीवर हात टेकते. म्हणून वेष्टनावर घरगुती वापरासाठी असे स्पष्ट लिहिलेले असेल तीच भुकटी घरात आणावी. आठवडी बाजारात कागदी पुडीत विकली जाणारी बिननावाची पांढरी पूड अथवा बिनलेबलाचे खडू मुळीच घेऊ नयेत. त्यांत काय आहे हे विकणाऱ्यासही ठाऊक नसते, मग डॉक्टरांनी उतारा कशावर द्यावा? वेष्टनावरील चौकटीच्या खालच्या त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता सांगतो: तांबडा अतितीव्र, त्याखालोखाल पिवळा, मग निळा व सर्वांत सौम्य हिरवा. हिरवा म्हणजे निर्विष असे मात्र नव्हे.

धुरळणी आणि साठवण

धुरळणीपूर्वी भांडीकुंडी, पाण्याचे हंडे व अन्न बाहेर न्यावे किंवा नीट झाकावे. मुले, कोंबड्या व मांजर यांना दूर ठेवावे. परमेथ्रिन हे मांजरास विशेष घातक आहे. पंखा बंद करावा. हातात रबरी मोजे, अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे व नाकातोंडावर मास्क असावा. पंचाचा एक पदर पुरेसा नाही. चिमटीने किंवा फडक्याच्या पुरचुंडीने भुकटी झटकू नये. निमुळत्या तोंडाची दाबाची बाटली फटीत भुकटी देण्यास सोईची पडते. तिच्यावर विष असे लिहावे व ती दुसऱ्या कामास वापरू नये. काम चालू असता विडी, पान वा तंबाखू वर्ज्य समजावी. तळहातावर तंबाखू मळणाऱ्याच्या हातावरील भुकटी थेट त्याच्या ओठात जाते. काम झाल्यावर हातपाय साबणाने धुऊन आंघोळ करावी व कपडे निराळे धुवावेत.

भुकटी पिठासारखी, रांगोळीसारखी, दुधाच्या भुकटीसारखी दिसते, आणि घरातील बहुतेक अपघात या साम्यामुळेच घडतात. १९५८ साली केरळात पॅराथिऑनने दूषित झालेले अन्न खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. विष व खाद्यमाल एकत्र वाहून नेल्याचा तो परिणाम होता, आणि त्यानंतरच १९६८ चा कीटकनाशक कायदा अस्तित्वात आला. घरातील फडताळ म्हणजे लहानसे जहाजच होय. भुकटी मूळ वेष्टनातच, कुलुपाच्या पेटीत, स्वयंपाकघराबाहेर ठेवावी. बेसनाच्या रिकाम्या डब्यात किंवा लोणच्याच्या बरणीत कदापि भरू नये. भुकटीचे रिकामे डबे धुऊन धान्य मापण्यास घेण्याची चाल तर मुळीच नको.

विषबाधा झाल्यास लाळ गळणे, घाम सुटणे, ओकाऱ्या, बाहुल्या बारीक होणे, स्नायू थरथरणे व श्वास कोंडणे ही लक्षणे दिसू लागतात. काही भुकट्यांनी नुसती चेहऱ्याची आग होते. रोग्यास मोकळ्या हवेत आणून कपडे उतरवावेत, अंग साबण व पुष्कळ पाण्याने धुवावे, डोळ्यांत भुकटी गेली असल्यास पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरावी. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नये. बेशुद्ध माणसास तोंडाने काहीच देऊ नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि भुकटीचे वेष्टन, फाटके असले तरी, रोग्याबरोबर दवाखान्यात न्यावे.