गाडीवर असताना डोळ्यात किडा गेला तर...

माझा पुतण्या अमेरिकेत ओहायो राज्यातील सिनसिनाटी शहरात असतो. मोटारसायकलचा नाद इथूनच घेऊन गेलेला. २०२१ च्या जूनमध्ये एके दिवशी त्याचा फोन आला, "काका, डावा डोळा उघडतच नाही." दुपारी गाडी चालवताना डोळ्यावर सिकाडा आपटला होता. डोक्यावर हेल्मेट होते, पण उकाड्यामुळे काच वर केलेली!

सिकाडा म्हणजे उन्हाळ्याच्या अखेरीस आपल्या घाटातील झाडांवर कर्कश किर्रर्र करणाऱ्या किड्याचा भाऊबंद. अमेरिकेच्या पूर्व भागात काही सिकाडांची पिल्ले तब्बल १७ वर्षे जमिनीखाली मुळांतला रस शोषून जगतात. सतराव्या वर्षी माती साधारण १८ अंश सेल्सिअस तापली की ती लाखोंनी बाहेर पडतात. लाल डोळे, लांबी इंच-सव्वा इंच. हा किडा चावत नाही, विषारीही नाही. पण उडण्यात अगदी गबाळा. समोरून येणारी गाडी चुकवणे त्याला जमत नाही.

खरा धोका दचकण्याचा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. दोन सेकंद डोळे मिटले, तर ३३ मीटर रस्ता न बघता गेला. त्याच जूनमध्ये त्या शहरात उघड्या खिडकीतून सिकाडा चालकाच्या तोंडावर आदळला आणि मोटार खांबावर जाऊन आपटली. तेव्हा किडा लागला तरी हँडल सोडू नये, ब्रेक करकचून दाबू नये. वेग कमी करीत कडेला थांबावे, मग डोळ्याकडे बघावे.

पुतण्याने डोळा खसखसून चोळला होता. बहुतेक जण हेच करतात. किड्याच्या पायाचा किंवा पंखाचा तुकडा वरच्या पापणीखाली अडकला, तर चोळताना आणि पुढे प्रत्येक उघडझापीला बुबुळावर ओरखडे उठतात. चोळण्याऐवजी हात धुऊन, उकळून गार केलेल्या पाण्याची धार डोळ्यात सोडावी. गुलाबपाणी, मध वगैरे काही घालू नये.

त्याच्याजवळ इथून नेलेली थेंबांची जुनी बाटली होती. नाव वाचायला सांगितले, तर आत स्टेरॉइड! मी फोनवरच ओरडलो, "ती खाली ठेव आधी." जखमी बुबुळात जंतू किंवा बुरशी शिरली असेल, तर अशा थेंबांनी लाली उतरते आणि आत व्रण वाढत राहतो. त्यातून दृष्टी गेलेले रुग्ण मी पाहिले आहेत. दुसऱ्या दिवशी तिथल्या डॉक्टरांनी पापणी उलटवून पायाचा काटेरी तुकडा काढला. चार दिवसांत डोळा निवळला.

आपल्याकडे १७ वर्षे थांबावे लागत नाही. पहिल्या पावसानंतर कुठल्याही संध्याकाळी दिव्यांभोवती किडे असतातच. धुतल्यावरही खुपत राहिले, उजेड सहन होईना, अंधुक दिसू लागले किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.

पुतण्याने आता हेल्मेटची काच बदलली आहे. जुनी काच चिकटलेले किडे कोरडेच पुसून ओरखडली होती, म्हणून तो ती वर करून हिंडत असे. काचेवर पाच मिनिटे ओले फडके ठेवले की किडा अलगद निघतो.